मदत हवी आहे: गतिरोधकावर पुढून करकर, लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदलू की फक्त त्यातले बुश (सांध्यातले रबर)?

गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक, 80,000 किमीच्या पुढे. गतिरोधकावरून हळू जाताना पुढच्या डाव्या बाजूने जुन्या दारासारखी करकर येते. खड्ड्यात 'खट्' होत नाही. पावसात आवाज जवळजवळ गायब, उन्हात तापली की जास्त. उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तर शांत, म्हणून स्ट्रट माउंटवर (पुढच्या शॉकअपच्या वरच्या टोकाचा रबरी आधार) माझा संशय कमी आहे.

लिंक रॉड आणि स्टॅबिलायझर बुश (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे भाग) बदलून झाले, फरक शून्य. लोअर आर्मच्या बुशवर सिलिकॉन स्प्रे मारला तेव्हा मात्र आवाज थांबला आणि काही दिवसांनी परत आला. (ग्रीस मुद्दाम लावलं नाही, रबर फुगतं.) बॉल जॉइंटला (आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा) खेळ म्हणजे ढिलेपणा नाही, त्यावरचा रबरी बूटही फाटलेला नाही.

मेकॅनिक दोन्ही बाजूंचे अख्खे आर्म बदला म्हणतो. बॉल जॉइंट ठीक असताना मला ते पटत नाही.

नुसते बुश प्रेस करून बसवलेल्यांचा अनुभव काय, टिकतात का? आणि बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे ना? जॅकवर आवळले तर रबर पिळलेलंच राहील.