केनियात राहून आलेल्यांचे अनुभव: शेजारपाजार, बाजार आणि राजकारण

केनिया म्हटलं की आपल्याकडे सिंह, जिराफ आणि मसाई मारा. तिथे नोकरीधंद्यानिमित्त राहिलेल्यांनी सफारी सोडून बाकीचं लिहावं, विशेषतः तिथली माणसं राजकारणाबद्दल काय बोलतात ते. सुरुवात मीच करते.

नैरोबी, वेस्टलँड्स

ऑगस्ट 2022च्या निवडणुकीत आम्ही तिथे होतो. मतदान जवळ आलं तशी ऑफिसातली निम्मी माणसं गावी गेली. शेजारणीने मला मक्याचं पीठ, तेल आणि मेणबत्त्या भरून ठेवायला सांगितलं. ही 2007ची धास्ती. त्या डिसेंबरातल्या निकालानंतर 1,100हून अधिक माणसं मारली गेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली. शेजारणीचं माहेर एल्डोरेटकडचं, जिथे त्या हिंसाचाराची मोठी झळ बसली, त्यामुळे तिच्याकडे हा विषय मी कधी काढला नाही, ती आपणहून बोलली तेवढंच ऐकलं.

पण त्याच आठवड्यात जे पाहिलं त्याने मी भारावून गेले. प्रत्येक मतदान केंद्राचा निकाल एका फॉर्मवर लिहून दारावर लावतात आणि तोच आयोगाच्या संकेतस्थळावर चढवतात. आमच्या इमारतीचा वॉचमन रात्रपाळीत फोनवर स्वतःच्या गावच्या केंद्राचा फॉर्म उघडून आकडे वाचत बसला होता. एकेक फॉर्म, सह्यांसकट. राष्ट्राध्यक्षपदासाठी रुटो 50.49 टक्के, रायला ओडिंगा 48.85. एवढ्या चुरशीचा निकाल, तरी भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 5 सप्टेंबरला मिटलं. 2017मध्ये याच कोर्टाने सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाची निवड रद्द करून फेरमतदान घ्यायला लावलं होतं. आपण आफ्रिकेकडे ज्या नजरेने बघतो ती बदलायला मला एवढं पुरेसं आहे.

किसुमूजवळचा ऊसपट्टा

मी सांगलीचा, साखर कारखान्यात केमिस्ट. आपल्या भागातली बरीच मंडळी पूर्व आफ्रिकेतल्या कारखान्यांत आहेत, तसाच मीही गेलो. गव्हाणीत ऊस पडला की वास तोच, आणि शेतकऱ्याची तक्रारही तीच: ऊस घालून महिने झाले, बिल कधी? फरक असा की तिथे बहुतेक शेतकऱ्यांचा ऊस पावसावर, तयार व्हायला दीड वर्ष सहज लागतं. पैसे थकले की पोरांची शाळेची फी थकते. मग तोडलेला ऊस रात्रीतून दुसऱ्या कारखान्याकडे जातो.

देशातला एकेकाळचा सर्वांत मोठा मुमियास कारखाना 2019मध्ये कर्जवसुलीसाठी नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेला. बाहेरची स्वस्त साखर आत कोण सोडतं, यावर चहाच्या टपरीवर रोज चर्चा. सहकार आणि राजकारणाची गाठ मी लहानपणापासून पाहिलीय, त्यामुळे भाषा येत नसतानाही वाद कळायचा.

किसुमू हा लुओ जमातीचा मुलूख, म्हणजे रायलांचा. पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, एकदाही झाले नाहीत. तिथे त्यांना ‘बाबा’च म्हणतात. 15 ऑक्टोबर 2025ला ते वारले तेही आपल्याकडे, केरळमध्ये, आयुर्वेदिक उपचारांसाठी आलेले असताना. त्या दिवशी मी भारतात होतो. बॉयलरवरच्या जुन्या सहकाऱ्याने फोन केला आणि दवाखाना कसा होता, नीट काळजी घेतली का, हेच परत परत विचारत राहिला. मला काही माहीत नव्हतं, तरी उत्तर द्यायची जबाबदारी माझीच आहे असं वाटलं.

मोंबासा

थोडक्यात लिहितो. फोनवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा 2007पासून आहे. नारळवाल्यापासून मटाटूच्या (तिथली खासगी मिनीबस) कंडक्टरपर्यंत सगळे फोनवर पैसे घेत होते, आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी. आणि प्लॅस्टिक पिशवीवर 2017पासून बंदी आहे, ती खरोखर पाळतात. बंदराच्या शहरात चिनी कर्जातून झालेल्या रेल्वेबद्दल लोक तावातावाने बोलतात, कारण माल रेल्वेने गेला आणि ट्रकवाल्यांचा धंदा बसला.

नैरोबी, जून 2024

माझ्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या मुली जेवणाच्या सुट्टीत वित्त विधेयकाची कलमं मोठ्याने वाचायच्या. कुठल्या वस्तूवर किती कर, कुणाला फटका. त्याचे स्वाहिलीत व्हिडिओ करून टाकायच्या. ना पक्ष, ना पुढारी, ना जमातीचं नाव. 25 जूनला जमाव संसदेत घुसला, पोलिसांनी गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. तिथल्या मानवी हक्क आयोगाने जुलै उजाडेपर्यंत 39 मृत्यू नोंदवले होते. त्या मुलींपैकी एकीचा चुलतभाऊ बरेच दिवस बेपत्ता होता. संसदेला आग लावणं मला पटलं नाही. पण ज्या पोरांनी विधेयक वाचलं त्यांना गुंड म्हणणाऱ्या आपल्या भारतीय मंडळींचा मला संताप येतो.

मडगावहून

वरच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितेय. माझी आत्या लग्न होऊन नैरोबीला गेली, तिच्याकडे आम्ही जायचो. तिथल्या भारतीयांना राजकारण नको, असं सरसकट म्हणू नका. गोव्याच्या कुटुंबातला, नैरोबीत जन्मलेला पियो गामा पिंटो गोवा मुक्तीसाठीही झटला आणि केनियाच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांच्या कैदेतही राहिला. 24 फेब्रुवारी 1965ला नैरोबीत घराच्या फाटकाजवळ त्याला गोळ्या घातल्या, वय 37. जोसेफ मुरुंबी, वडील गोव्याचे आणि आई मसाई, पुढच्याच वर्षी देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. 2017मध्ये सरकारने आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली. आत्येभाऊ तिथलाच नागरिक आहे, दर निवडणुकीला रांगेत उभा राहतो, आणि 2024मध्ये त्याची मुलगीही मोर्चात होती.