आल्प्समधल्या धावायच्या वाटा: तुमचे अनुभव सांगा

वळणवाट
काल भाचीचा फोन आला. नोकरीसाठी स्वित्झर्लंडमधल्या पॉन्ट्रेसिनाला जातेय आणि पहिला प्रश्न काय, तर "मावशी, तिथे धावायचं कुठे?" यांच्या कामामुळे आम्ही त्याच भागात, एंगाडिनच्या खोऱ्यात, बरीच वर्षं होतो. तिला सांगता सांगता इतकं काही आठवत गेलं की शेवटी तीच म्हणाली, हे सगळं लिहून काढ. म्हणून हा धागा.

माझी लाडकी वाट सेंट मॉरिट्झच्या तळ्याभोवतीची. साडेचार किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सपाट. अजून दम असेल तर तिथूनच जंगलात शिरायचं आणि लेय दा श्टाझ या छोट्या तळ्यापर्यंत जायचं. पायाखाली सुयांसारख्या पानांचा थर, मधूनमधून मुळं वर आलेली, त्यामुळे नजर खाली ठेवावी लागते. ऑक्टोबरात लार्चची झाडं पिवळीजर्द होतात तेव्हा ते जमत नाही, सरळ थांबावं आणि बघून घ्यावं.

दुसरी वाट रोझेगच्या खोऱ्यातली. पॉन्ट्रेसिनाहून घोडागाड्या जातात तो रुंद रस्ता. सात किलोमीटरांत चढ जेमतेम दोनशे मीटर, समोर सतत बर्फाची शिखरं. आल्प्स म्हटलं की सगळ्यांना वरच जायचं असतं. माझं मत विचाराल तर धावणाऱ्यानं खोरी आणि तळ्याकाठच्या वाटा आधी मनसोक्त फिराव्यात. रोज धावता येतं ते तिथेच.

तुम्ही कुठे कुठे धावलात? लिहा.

पहाटपक्षी
मालोयाचा वारा!!! कुणीच कसं सांगत नाही. उन्हाळ्यात स्वच्छ दिवस असला की दुपारी हमखास सुटतो. सहसा डोंगरात दिवसा वारा खोऱ्यातून वर चढतो, इथे उलट, मालोयाच्या खिंडीकडून खाली वाहतो. सिल्व्हाप्लानाच्या तळ्यावर पतंग लावून पाण्यावर घसरणारे सगळे त्याचीच वाट बघत असतात. आपण मात्र सकाळीच धावून घ्यायचं. दुपारीच जमणार असेल तर जाताना मालोयाच्या दिशेनं, वारा तोंडावर. येताना तो पाठीवर घेऊन यायचं, ढकलतच आणतो घरी.

कोवळंऊन
वाचतेय. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

शांतसागर
वळणवाट ताई, सुरेख लिहिलंत. भाचीला एक आवर्जून सांगा: पहिला आठवडा घड्याळाकडे बघायचं नाही. तिथल्या १८०० मीटर उंचीवर हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे चार पंचमांश. त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो, नेहमीच्या वेगाला नाडी जास्त पळते, झोपही आधी जरा उडते. तब्येत बिघडली असं समजून घाबरायचं कारण नाही. बोलता बोलता धावता येईल इतकाच वेग ठेवायचा. डोकं सतत दुखलं, मळमळलं तर मात्र विश्रांती. आणि ऊन! हवा गार असते म्हणून कळत नाही, पण उंचीवर अतिनील किरणं जास्त असतात. टोपी, चष्मा, क्रीम, ढग असले तरी.

गिरकी
आमचं प्रेम लाउटरब्रुनेनवर. खालून केबल कारनं ग्र्युटशाल्पला जायचं आणि तिथून म्युरेनपर्यंत धावायचं. छोट्या रेल्वेच्या रुळांना लागूनच वाट आहे, चार-साडेचार किलोमीटर, चढ सौम्य. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरं. सासूबाई गाडीनं पुढे जायच्या आणि म्युरेनच्या स्टेशनावर बाकावर बसून आमची वाट बघायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई, येणाऱ्या प्रत्येक धावणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायची. ओळख ना पाळख. एक वयस्कर जोडपं त्यांच्याशेजारी बसलं, भाषा एकमेकांची शून्य, तरी तिघांनी मिळून टाळ्या. आज त्या नाहीत, पण म्युरेन म्हटलं की मला आधी त्या टाळ्या ऐकू येतात.

रानजाई
गिरकी, डोळ्यांत पाणी आलं गं.

मोरपिसारा
+१. किती गोड सासूबाई.

चक्रमचालक
स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांबद्दल लिहितो. त्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि ती चालणाऱ्याची. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर धरून काढलेली, चढउताराचा हिशेब त्यात आलेला. दोन-चारदा आपली वेळ तिच्याशी ताडून पाहिली की आपलं प्रमाण कळतं, मग पाटी बघूनच परतायची वेळ ठरवता येते.

रंग महत्त्वाचे. नुसती पिवळी खूण: साधी वाट, बिनधास्त धावा. पांढरा-लाल-पांढरा पट्टा: डोंगरवाट, अरुंद, कुठे कुठे दरी बाजूला, पकड असलेले बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर तो धावणाऱ्यांचा प्रांत नव्हे. हिमनदी, घसरती दगडधोंड्यांची उतरण, हातांनी धरून चढायचे कडे, असं काहीही पुढे असू शकतं.

रानजाई
आणि गाई! कुरणांमधून वाट जाते तिथे वासरं असलेल्या गाई असतील तर धावायचं नाही, चालायचं. लांबून वळसा, वासराला हात लावायचा नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. कुत्रा बरोबर असेल तर दोरीत ठेवा. गाय अंगावर आलीच तर दोरी सोडा, तो पळून जाईल, गाईचं लक्ष त्याच्यावरच असतं. फाटक उघडलं तर मागे लावून घ्या.

मोरपिसारा
त्या घंटा दिवसभर गळ्यात वाजतात, गाईंना त्रास होत नसेल का? मला नेहमी प्रश्न पडतो.

रानजाई
मलाही. खाली गावात यावरून भांडणंसुद्धा होतात, रात्री झोप येत नाही म्हणून. पण धुक्यात धावताना घंटा ऐकू आली की फार आधार वाटतो, कुरण जवळ आहे हे कळतं.

कोवळंऊन
आले. ताई, भाची कुठल्या क्षेत्रात आहे? माझा मुलगा हॉटेल मॅनेजमेंटला आहे म्हणून विचारलं.

वळणवाट
कोवळंऊन, हॉटेलातच, हिवाळ्याच्या हंगामासाठी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सायंतारा
हिवाळा म्हणालात म्हणून. बर्फात चालणाऱ्यांसाठी दाबून तयार केलेल्या वाटा असतात, त्यांच्या पाट्या गुलाबी. धावायचं त्यांवरच. शेजारी खोबणी पाडलेला पट्टा दिसतो तो स्कीवाल्यांचा, त्यावर पाय ठेवायचा नाही, खोबणी मोडते आणि मागून येणारा पडतो. बुटांना लावायचे काटे घ्याच, गावातले निसरडे रस्ते जास्त धोक्याचे. मार्चमध्ये एंगाडिनची स्की मॅरेथॉन असते, १९६९ पासून, मालोयाहून निघून गोठलेल्या तळ्यांवरून. त्या दिवशी धावायला जाऊ नका, काठावर उभं राहून बघा.

पहाटपक्षी
धावण्याशी संबंध नाही, पण सिल्व्हाप्लानाच्या काठावर, सुरलेयच्या बाजूला, एक मोठा त्रिकोणी खडक आहे. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे जवळच्या सिल्स मारिया गावी उन्हाळ्यात राहायचा. १८८१ च्या ऑगस्टमध्ये तिथून चालताना त्याला 'चिरंतन पुनरावृत्ती'ची (सगळं पुन्हा पुन्हा तसंच घडत राहतं, ही) कल्पना सुचली ती या खडकापाशी. मी दर वेळी तिथे थांबून पाणी पितो.

मोरपिसारा
मी मोर्तेरात्शला धावले होते. स्टेशनापासून हिमनदीकडे सपाट वाट जाते, बाजूला सालाच्या पाट्या, अमुक साली बर्फ इथपर्यंत होता. बेर्निनाची रेल्वे १९१० साली पूर्ण झाली तेव्हा हिमनदीचं टोक स्टेशनापासून फार लांब नव्हतं. पहिल्या पाट्या पटापट मागे पडतात. मग आपण आपल्या जन्मसालाच्या पाटीपाशी येतो आणि बर्फ अजून पुढेच. त्यानंतर मी चालतच गेले, धावावंसं वाटेना. मुलांना घेऊन जा तिथे.

शांतसागर
मोरपिसारा, खरंय. मला तर तिथला उघडा पडलेला राखाडी दगड बघवत नाही.

गिरकी
गुडघ्यांचं कुणीतरी बोला ना. चढ जमतो, उतारावर मांड्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही.

चक्रमचालक
गिरकी, उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून ते जास्त दुखावतात. पावलं छोटी आणि भराभर टाका, टाच पुढे रोवू नका. आणि केबल कारनं उतरण्यात काहीही कमीपणा नाही. युंगफ्राऊ मॅरेथॉन इंटरलाकेनहून निघते आणि वर डोंगरातच संपते, मंडळी खाली रेल्वेनं येतात. चढायचं पायांनी, उतरायचं गाडीनं, हा तिकडे रीतसर प्रकार आहे.

गिरकी
हे फार बरं सांगितलंत. यांना वाचून दाखवते.

सायंतारा
फ्रान्समधल्या शामोनीला कुणी गेलंय का? ऑगस्टअखेरीस जायचं ठरतंय.

पहाटपक्षी
सायंतारा, अखेरच्या आठवड्यात मों ब्लाँ या शिखराला फेरी घालणारी शर्यत असते, १७० किलोमीटरच्या आसपास. राहायची जागा आत्ताच बघा, गाव भरून वाहतं. पण बघण्यासारखं असतं, मध्यरात्रीसुद्धा लोक घंटा घेऊन उभे. स्वतः धावायला 'पती बाल्कों स्यूद' नावाची वाट घ्या, झाडीतून जाते, गावाच्या जरा वर, समोर मों ब्लाँ. दुपारी गडगडायला लागलं तर कड्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका, खाली या.

सायंतारा
धन्यवाद! सावली मिळते का सगळीकडे? आई बरोबर आहे, ती चालेल मागून.

पहाटपक्षी
बरीचशी मिळते. पण मधे मधे दगडांचे चढउतार आहेत. आईंना काठी द्या आणि सकाळी आठच्या आत निघा.