बगिच्याचा नकाशा आधी, का रहिवाशांना विचारणं आधी?

निंबोणी:
जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नाव राहू द्या. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसला एकदाचा निधी आला. इतकी वर्षं तिथं गाजरगवत, कोपऱ्यात मोडकी घसरगुंडी आणि कोणाची तरी रेतीची ट्रॉली रिकामी केलेली. आता बगीचा आणि मुलांचं मैदान नवीन होणार म्हणून आनंदच आहे, पण परवा व्हॉट्सॲपवर नकाशा फिरला तो थेट फायनल. चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, ओपन जिम, मधोमध कारंजं, आणि पोरांसाठी काय तर दोन झोके नि एक घसरगुंडी, तेही पूर्वेच्या भिंतीला चिकटून, म्हणजे दुपारनंतरचं सगळं ऊन बरोबर तिथंच. नळाला पाणी चार दिवसांआड आणि नकाशात कारंजं! वर तिथला मोठा निंब ट्रॅकच्या आड येतो म्हणून त्याच्यापुढे "छाटणी आवश्यक" असं लिहिलंय. ज्यानं हे काढलं तो मे महिन्यात एकदा तरी इथं उभा राहिला असता तर त्याच निंबाखाली उभा राहिला असता.

माझं म्हणणं एवढंच, का नकाशा काढायच्या आधी लोकांना विचारा. नंतर दाखवून "काही सूचना असल्यास" म्हणण्यात काय अर्थ, तेव्हा इस्टिमेट झालेलं असतं, मग कोणी हलत नाही.

मार्चएन्ड_भाऊ:
मी ठेकेदारीच्याच लाइनमध्ये आहे म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. एवढ्यातच किती महिने जातात हे बाहेरच्याला कळत नाही. निधी वेळेत खर्च झाला नाही तर परत जातो, आणि गेलेला निधी परत आणायला कोण मुंबईला चकरा मारणार, तुम्ही? आमच्या बाजूच्या कॉलनीत असंच "सगळ्यांना विचारू" झालं. एकाला मंदिरापुढे सभामंडप पाहिजे, पोरांना क्रिकेटची नेट पाहिजे, तिसऱ्याला कानबाईच्या उत्सवाच्या मांडवाला मोकळी जागा, आणि चौथे आप्पा म्हणे माझ्या घरासमोर मुलांचा गोंगाट नको. बैठकीत खुर्च्या फेकायच्याच बाकी होत्या. आज तिथं काय आहे? कचरा. त्यापेक्षा इंजिनिअरला त्याचं काम करू द्या भो.

तापीकाठ:
कारंजं उद्घाटनाच्या दिवशी चालतं. फोटो निघाला का झालं, नंतर त्यात डास आणि गुटख्याच्या पुड्या.

निंबोणी:
@मार्चएन्ड_भाऊ सभामंडपवाले आणि आप्पा बैठक न घेता पण आपलं म्हणणं पोचवतातच, नगरसेवकाच्या घरी जाऊन. बैठक नाही घेतली तर बाकीच्यांचंच राहून जातं.

आखाजीची_लेक:
नगरसेवकाकडे बायका जात नाहीत आणि पोरं पण जात नाहीत, आणि बगिच्यात जास्त वेळ तेच असतात. तुमच्या ओपन जिमचं म्हणाल तर दुसरीकडे आहे तिथं सकाळी सहाला काका लोक, संध्याकाळी पोरं लटकतात, मी तरी तिथं कधी बाई पाहिली नाही, कारण ते मशीन लावलेत गेटजवळ, रस्त्यावरून येणारा जाणारा बघत जातो. आम्हाला पाहिजे काय तर बसायला सावली, लहान पोरावर नजर ठेवता येईल असं समोरासमोर बाकडं, रात्री आठपर्यंत लाइट आणि एक बाथरूम ज्याला कुलूप नसेल. यातलं एक पण नकाशात नाही.

आणि तो निंब. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही माहेरी येतो तेव्हा दोर त्याच्यावरच पडतो, दोघी-दोघी उभ्या राहून झोका घेतो, खाली बाकीच्यांची गाणी चालू. ते तयार साखळीचे झोके पोरांच्या वजनाचे असतात, त्याच्यावर मोठी बाई बसली का वरचा कडीचा बोल्ट ढिला. पुरुषांचे आखाजीचे पत्ते कुठं पण बसतात हो, झोक्याला झाडच लागतं. ती आडवी जाड फांदी छाटली तर झाड राहिलं काय आणि नाही काय.

केळीचं_पान:
ताईंचं पटलं. व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकात बघितलं गेलं होतं, का नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बगिच्यात दिसेनाशा होतात, कारण सगळी मोकळी जागा मुलं बॉल घेऊन अडवतात. मग १९९९ च्या सुमारास दोन बगिच्यांची जागा वेगळी वाटून बघितली, आणि मुली परत यायला लागल्या. आपल्याकडे तर मुली दिसेनाशा झाल्या हेच कोणाच्या लक्षात येत नाही, "अभ्यास असतो" म्हणून विषय संपतो.

मार्चएन्ड_भाऊ:
व्हिएन्ना कुठं आणि आपलं गाव कुठं. तिथं मे मध्ये पंचेचाळीसच्या वर पारा जातो का?

केळीचं_पान:
नाही जात, म्हणूनच म्हणतो का इथल्या लोकांना विचारा. इस्टिमेटमध्ये खेळण्यांच्या खाली रबरी टाइल दाखवलीय, शहरात दिसते म्हणून. ती उन्हात अशी तापते का अनवाणी पोरगं उभं राहू शकत नाही, आणि पत्र्याची घसरगुंडी तर विचारूच नका. खाली जाड थरात बारीक वाळू टाका, पडलं तर लागत नाही.

तापीकाठ:
वाळूत कुत्रे घाण करतील ते कोण काढणार? आणि गिरणा नदीच्या वाळूची गाडी कितीला पडते माहीत आहे ना भाऊ. आधी सावली करा, मग खाली काय टाकायचं ते भांडा.

कलम_२४३:
सगळे "लोकसहभाग" म्हणून राहिले म्हणून कायद्याचं सांगतो. ७४ वी घटनादुरुस्ती, म्हणजे नगरपालिका-महापालिकांची, १९९३ ला लागू झाली, तिच्यातली वॉर्ड समिती तीन लाख आणि वरच्या लोकसंख्येच्या शहरालाच सक्तीची आहे. खान्देशात २०११ च्या जनगणनेत तेवढी शहरं दोनच, जळगाव साडेचार लाखांच्या वर आणि धुळे पावणेचार लाख. तालुक्याच्या गावाला घटनेची ती समिती आपोआप मिळत नाही. म्हणजे इथं विचारलं तर ते कोणाच्या तरी मर्जीनं, आणि नाही विचारलं तर जाब कुठं मागायचा हा प्रश्नच. पुण्यात २००६ पासून महापालिका नागरिकांकडून बजेटसाठी वॉर्डातली कामं मागवते, म्हणजे बैठकीच्या नावानं सगळं अडतंच असं नाही. निंबापुरतं मात्र तुमच्या हातात काहीतरी आहे, झाड तोडायचं झालं तर १९७५ च्या वृक्ष कायद्यानं परवानगी लागते, छाटणीच्या नावाखाली बुंधा उघडा पाडला तर लेखी तक्रार करा.

मार्चएन्ड_भाऊ:
पुण्याला लोकांना वेळ आहे. इथं फॉर्म ठेवला तर दहा भरले जातील आणि त्यातले आठ एकाच मंडळाचे, वरून सांगतील "जनतेची मागणी". मग तुम्हीच बोंबलाल.

निंबोणी:
हे मात्र खरं आहे. म्हणून फॉर्म नको, बैठक पण मंदिराच्या ओट्यावर नको. संध्याकाळी तिथंच मैदानात या, चुन्यानं जमिनीवर आखून दाखवा, झोके इथं, ट्रॅक इथं. बायका आणि पोरं तशीच तिथं असतात. एका संध्याकाळचं काम आहे, ह्यात निधी काय परत जाणार.

तापीकाठ:
आणि झाल्यावर देखभाल? चावी कोणाकडे, पाणी कोण घालणार, माळ्याचा पगार? ते आखलेल्या चुन्यात येत नाही. सगळे आखायला येतील, झाडू मारायला मी एकटा.

आखाजीची_लेक:
जिला विचारलं ती निदान पाणी तरी घालेल, जिला विचारलंच नाही ती कायले घालेल.

मार्चएन्ड_भाऊ:
बरं ऐका. कारंजं काढून त्या पैशात सावलीचं शेड, हा बदल इस्टिमेटमध्ये अजून बसू शकतो, मी बोलून बघतो. निंबाला वळसा घालून ट्रॅक, तो पण होईल, थोडे ब्लॉक कमी लागतील उलट. झोक्यांचा कोपरा मात्र आता हलवू नका, टेंडरनंतर बघू.

आखाजीची_लेक:
टेंडरनंतर काय बघणार दादा, खांब सिमेंटात गाडल्यावर? शनिवारी सहाला चुना घेऊन या, कोपरा कुठला ते पोरंच दाखवतील.

मार्चएन्ड_भाऊ:
शनिवारी लग्न आहे. रविवारी.