१०० यार्डांवर सपाट बूडच का? फ्लॅट बेस विरुद्ध बोट टेल

पताकाधारी (धागाकर्ता)

मंडळी, सध्या एक वाक्य सारखं कानावर येतंय. "फ्लॅट बेस हा जुन्या लोकांचा हट्ट आहे. बोट टेल हवा चांगली कापते, मग जवळच्या पल्ल्यावरही तीच वापरावी." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. फ्लॅट बेस म्हणजे सपाट बुडाची रायफलची गोळी, बोट टेल म्हणजे मागे निमुळत्या शेपटीची. बेंचरेस्ट म्हणजे रायफल पुढे रेस्टवर, मागे वाळूच्या पिशवीवर ठेवून टेबलाशी बसून केलेली नेमबाजी. ग्रूपच्या स्पर्धेत पाच गोळ्या एकमेकींना किती चिकटून गेल्या एवढंच मोजतात: सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. १९७३ साली मॅक मॅकमिलनने १०० यार्डांवर पाच गोळ्या ०.००९ इंचात बसवल्या. तो विक्रम मोडायला २०१३ उजाडलं. म्हणजे हिशेब केसाच्या जाडीचा आहे.

माझा मुद्दा हवा कापण्याचा नाहीच. गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणाचा आहे. तेव्हा मागच्या गॅसवर प्रचंड दाब असतो आणि तोंड मोकळं झालं की तो गोळीपेक्षा जोरात धावतो, क्षणभर तिला मागे टाकून पुढे जातो. सपाट बुडाची कडा क्राउन (नळीच्या तोंडाची किनार) सोडते ती सगळीकडून एकदम. एक क्षण झाकण बंद, पुढच्या क्षणी उघडं. बोट टेलचं तसं नाही. तिचं सरळ अंग आधी बाहेर येतं, निमुळती शेपटी अजून आतच असते आणि भोवती कडं उघडून गॅस शेपटीच्या उतारावरून सुसाटतो. शेपटी एका बाजूला किंचित जाड असली किंवा क्राउनला बारीकशी कोच असली, की तेवढा वेळ गोळीला बाजूने धक्का बसत राहतो.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांनी पंधरा-वीस गोळ्या झाल्यावर नळी न पुसता क्राउनकडे भिंगातून बघा. काजळीची चांदणी दिसेल, नळीतल्या रायफलिंगच्या (गोळीला पीळ देणाऱ्या) खाचेगणिक एक किरण. सगळे किरण सारखे असतील तर गॅस सगळीकडून सारखा सुटतोय. माझ्या एका नळीवर एक किरण बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट लांब होता. पावडर बदलली, गोळी किती खोल बसवायची ते बदलून पाहिलं, ग्रूप काही मिटेनात. क्राउन नव्याने कापून घेतला आणि त्याच गोळ्या, त्याच पावडरवर रायफल शहाण्यासारखी वागायला लागली.

बूड महत्त्वाचं हे आजचं ज्ञान नाही. अमेरिकेतल्या डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी नळी जड पायावर घट्ट बसवून मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडल्या आणि १९०९ साली ते सगळं छापलं. टोक बिघडलं तर फार फरक पडला नाही, बूड बिघडलं की गोळ्या भरकटल्या.

हजारयार्डी

असहमत, आणि ठामपणे. मॅनच्या प्रयोगाची साल तुम्ही भलत्याच झाडाला लावताय. त्यांनी बुडं तिरपी केली, त्यांना इजा केली. त्यावरून सिद्ध काय झालं? बूड गोळीच्या अक्षाशी काटकोनात आणि सगळीकडून सारखं हवं. ते सपाटच हवं हे त्यातून कुठे निघतं? नीट घडवलेली बोट टेल ही अट तितकीच पुरी करते.

आता वारा. आडव्या वाऱ्यात गोळी किती सरकते ते तिला झालेल्या उशिरावर ठरतं: प्रत्यक्ष लागलेला वेळ वजा हवा नसती तर लागला असता तो वेळ. ६ मिमीची ६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घ्या, वेग सेकंदाला ३३०० फूट, बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापायच्या क्षमतेचा आकडा) ०.२७ च्या आसपास. १०० यार्डांत तिला उशीर होतो सुमारे ०.००५ सेकंद. ताशी १० मैलांचा वारा सेकंदाला १७६ इंच जातो. म्हणजे गोळी सरकली साधारण ०.९ इंच. बोट टेलने अडथळा दहा टक्क्यांनी कमी झाला असं समजा, तर ०.०९ इंच वाचलं. जिथे ०.२ इंचाच्या सरासरीवर निकाल लागतात तिथे ०.०९ वर पाणी सोडायचं? शिवाय २०० यार्डांवर हे सरकणं जवळजवळ चौपट होतं.

लांबच्या पल्ल्याकडे बघा. पेनसिल्वेनियातल्या विल्यम्सपोर्टला १९६७ पासून १००० यार्डांचं बेंचरेस्ट चालतं. त्या पल्ल्यावर आज लांब, निमुळत्या बोट टेलच चालतात. गोळी त्याच क्राउनमधून, त्याच गॅसमधून सुटते ना? शेपटीमुळे धक्का बसत असता तर तिथे तो दहापट मोठा होऊन दिसला असता.

पताकाधारी

तुमचा उशिराचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या जागी लावलाय. ताशी १० मैलांचा पूर्ण वारा माझ्या ग्रूपमध्ये शिरत नाही. वारा दाखवणाऱ्या पताका ओळीने उभ्या असतात, त्यांच्या शेपट्या एका ठरावीक उंचीवर आल्या की मी गोळी सोडतो, नाहीतर थांबतो. ग्रूपमध्ये शिरते ती वाचनातली चूक. ती ताशी २ मैलांची धरा. मग तुमची बचत ०.०९ नाही, ०.०१८ इंच.

आणि तेवढ्यासाठी मोजावं काय लागतं? त्याच वजनाची बोट टेल फ्लॅट बेसपेक्षा लांब होते आणि मागून निमुळती असल्याने हवेत उलटायची ओढही जास्त. तिला सावरायला जास्त पीळ लागतो. ६ पीपीसी या काडतुसात ६५-६८ ग्रेनच्या सपाट गोळीला १४ इंचांत एक फेरा पुरतो. बोट टेलला समजा १२ चा ट्विस्ट (१२ इंचांत एक फेरा) लागला. गोळीचा गुरुत्वमध्य अक्षापासून ०.०००१ इंच सरकलेला असेल, तर नळीतून सुटताना ती त्या दिशेने फेकली जाते. १०० यार्डांवर ते फेकणं १४ च्या ट्विस्टला ०.१६ इंच, १२ ला ०.१९. म्हणजे वाऱ्यात ०.०१८ वाचवून तोलात ०.०२७ घालवलं. हा तोट्याचाच व्यवहार झाला.

१००० यार्डांबद्दल वाद नाही. तिथे वारा एवढा खातो की बाकी सगळं त्याखाली झाकलं जातं. तिथे मीही बोट टेलच लावीन.

हजारयार्डी

मग तुमच्याच आकड्यात गोम आहे. ०.०००१ ऐवजी ०.००००५ धरा. आजच्या चांगल्या जॅकेटमध्ये (गोळीच्या बाहेरच्या आवरणात) हे काही अशक्य नाही. फेकण्यातला फरक निम्मा झाला, ०.०१३५. आता वाऱ्यातली ०.०१८ ची बचत वरचढ ठरते. म्हणजे उत्तर बुडाच्या आकारात नाहीच, गोळी किती समतोल घडली यात आहे. गोळ्या सुधारत जातील तसा तुमचा पक्ष कमकुवत होत जाणार.

डायवाला

मी स्वतः गोळ्या दाबतो, म्हणून राहवलं नाही. हजारयार्डींचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे आणि त्याच कारणाने मी पताकाधारींच्या बाजूने आहे.

गोळी घडते कशी ते बघा. तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट म्हणजे एक खोल पेला. मॅच गोळीत त्याचा बंद तळ म्हणजे गोळीचं बूड आणि उघडं तोंड म्हणजे टोक. (सैनिकी फुल मेटल जॅकेट गोळी उलटी असते, बुडाकडे शिसं उघडं. तिच्याकडून बारीक ग्रूपची अपेक्षा नसते त्याचं हे एक मोठं कारण.) जॅकेट धुऊन तेलाचा अंश काढायचा, शिशाचा कोअर (गाभा) आत टाकून कोअर-सीटिंग डायमध्ये (साच्यात) दाबायचा. शिसं पसरतं आणि जॅकेट डायच्या भिंतीला घट्ट भिडतं. मग पॉइंट-अप डायमध्ये टोक निमुळतं करायचं. दोन डाय, दोन दाब. बुडाला हात लावावाच लागत नाही, तळ आधीपासून सपाट असतो.

बोट टेलला तोच तळ आधी उतरता करून घ्यावा लागतो आणि पुढच्या डायमध्ये तो त्याच अक्षावर बसावा लागतो. म्हणजे चुकायला आणखी एक जागा. मी बोट टेलचा संच घेतला होता. पहिल्या शंभर गोळ्या डायल इंडिकेटरखाली (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापयंत्राखाली) फिरवल्या. अंगावर काटा जागचा हलला नाही, शेपटीवर टेकवला की थरथरायला लागला. डाय परत पाठवले, दुरुस्त होऊन आले, थरथर कमी झाली पण गेली नाही. संच तसाच डब्यात पडून आहे आणि तो उघडताना अजून जीव हळहळतो.

अजून एक गोष्ट चर्चेत आली नाही. सपाट बुडाच्या बेंचरेस्ट गोळीला बुडाशी बारीक कडं असतं, बाकी अंगापेक्षा इंचाच्या दोन ते पाच दशसहस्रांश भागांनी जाड. त्याला प्रेशर रिंग म्हणतात. नळीत गॅस अडवायचं मोठं काम ते करतं आणि क्राउन शेवटी सोडणारी कडाही तीच. बोट टेलला कडं असलं तरी ते शेपटीच्या वर, म्हणजे त्यामागे शेपटी लोंबकळत राहतेच.

शिकाऊ

मध्येच विचारतो, माफ करा. रिबेटेड बोट टेल नावाचा प्रकार वाचला. अंग आणि शेपटी यांच्यामध्ये पायरी असते म्हणे. मग दोन्ही बाजूंचं काम होत नाही का?

डायवाला

चांगला प्रश्न, माफी कशाला. कल्पना तीच आहे: पायरीची काटकोनी कडा सपाट बुडासारखी गॅस एकदम सोडेल आणि मागची शेपटी हवेचं काम करेल. लापुआची डी-४६ याच घाटाची आहे, जुनी आणि नावाजलेली. पण ६ मिमीच्या छोट्या गोळीत ती पायरी दर वेळी गोलभर सारखी आणणं हे शेपटीपेक्षाही किचकट. घरी दाबणाऱ्याने त्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नये.

सावकाश_लोड

बोट टेलच्या बाजूने एक साधी गोष्ट. केसच्या (काडतुसाच्या कवचाच्या) नेकमध्ये, म्हणजे मानेत, ती आपसूक मध्यावर बसते. सपाट गोळीची कडा नेकच्या तोंडावर अडते, चॅम्फर (तोंडाच्या आतल्या कडेचा उतार) नीट नसेल तर तांब्याची बारीक साल निघते. ज्या कडेवर तुम्ही एवढी श्रद्धा ठेवलीय तीच गोळी बसवताना खरवडली, तर उरलं काय? मी दोनदा गोळी परत उपटून पाहिली आहे, दोन्ही वेळा एका बाजूला चमकता चट्टा होता.

पताकाधारी

हा धोका खरा आहे, मला मान्य. पण त्यावर इलाज आहे. नेकचं तोंड आतून हलकं उतरतं करा आणि धार उरू देऊ नका, बोट फिरवून बघा. हाताच्या डायमध्ये आर्बर प्रेसने (हाताने दाबायच्या छोट्या यंत्राने) गोळी सावकाश बसवली की ती अडते कुठे ते हातालाच कळतं. बोट टेलची सोय मला इथे उलट घातक वाटते. ती वाकड्या नेकमध्येही निमूट शिरते आणि नेक वाकडा आहे हे तुम्हाला कळतच नाही.

गणिती_मन

दोन्ही पक्ष आकडे मांडताहेत, पण निशाणावर याचा पुरावा कसा मिळवणार याचा विचार केलाय का? पाच गोळ्यांचा एक ग्रूप फार लहरी असतो. तीच रायफल, तीच गोळी असूनही ग्रूपचा आकार सरासरीच्या पाव भागाहून थोडा जास्त इकडेतिकडे होतो. दोन गोळ्यांमध्ये २० टक्के फरक असेल तर तो जेमतेम दिसायलाही प्रत्येकीचे ढोबळमानाने पंधरा ग्रूप लागतील. फरक ५ टक्के असेल तर प्रत्येकीचे सव्वादोनशेच्या वर. दोन्ही मिळून २३०० गोळ्या! पीपीसीची नळी स्पर्धेच्या दर्जाची राहते ती हजार-दीड हजारांपर्यंत. पुरावा हाती यायच्या आत नळीचा घसा जळून जाईल.

म्हणून "मी दोन्ही झाडून पाहिल्या, फ्लॅट बेस सरस" किंवा याच्या उलट कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, किती ग्रूप? उत्तर बहुतेक वेळा तीन किंवा चार असतं. आणि "जिंकणारे सगळे फ्लॅट बेस लावतात" हाही पुरावा नव्हे. सगळेच लावत असतील तर जिंकणारा दुसरं काय लावणार?

हजारयार्डी

हेच मला कधीपासून म्हणायचं होतं.

पताकाधारी

गणिती_मन, तुमचा आकडा मी खोडू शकत नाही. पण त्याची दुसरी बाजूही बघा. ५ टक्क्यांचा फरक कुणालाच दाखवता येत नसेल, तर बदल सुचवणाऱ्याने तरी कशाच्या जोरावर सुचवायचा? ज्या गोळीत घडवायच्या पायऱ्या कमी, पीळ कमी लागतो आणि जिची कडा भिंगाखाली धरून मला स्वतःला तपासता येते, ती मी सोडणार नाही.

तरी २० टक्क्यांची परीक्षा आवाक्यात आहे, ती करूया. एकच १२ ट्विस्टची नळी, म्हणजे बोट टेलवर अन्याय नको. एकाच लॉटचं जॅकेट, टोकाचा घाट एकच. गोळ्या डायवाल्यांनी दाबायच्या, त्यांची हरकत नसेल तर. एक ग्रूप या गोळीचा, लगेच पुढचा त्या गोळीचा, म्हणजे वारा आणि नळीची झीज दोघींच्या वाट्याला सारखी येईल. प्रत्येकीचे पंधरा ग्रूप, आणि बिघडलेला ग्रूप "वारा होता" म्हणून वगळायचा नाही.

डायवाला

हरकत नाही. तो डबा उघडतो. शेपटीवर काटा थरथरतो त्या गोळ्या बाजूला काढीन, उरलेल्याच पाठवीन. पंच्याहत्तर जमवायला दोनशे तरी दाबाव्या लागतील असा अंदाज आहे.

हजारयार्डी

चालेल. पण निशाण २०० यार्डांवर लावा. आणि किती गोळ्या दाबल्या, त्यातल्या किती बाजूला काढल्या, तेही इथे लिहा.