इंडस्ट्रियल म्युझिकवाल्यांचा लुक गोव्याच्या घामात कसा जमवायचा?

लोखंडी_पोर
नमस्कार मंडळी, मी वास्कोचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सध्या इंडस्ट्रियल म्युझिक, म्हणजे मशीनसारखं कर्कश, ठोकठोक वाजणारं संगीत, त्यातले फ्रंट २४२, डाफ, स्किनी पपी, नाइन इंच नेल्स हे बँड एवढंच ऐकतोय आणि आता कपडेही तसे घालावेसे वाटतात. पण व्हिडिओ बघितले की कोणी लेदर पँटमध्ये, कोणी कॅमोमध्ये (लष्करी चट्ट्यापट्ट्यांचा कपडा), कोणी निऑन केस आणि डोक्यावर गॉगल लावून, आणि इथे मे महिन्यात बनियनसुद्धा अंगाला चिकटतं. यातला खरा इंडस्ट्रियल लुक कोणता? आणि इथल्या इथे, कमी पैशात काय मिळेल? ऑनलाइन बूट बघितले, किमती बघून टॅब बंद केला.

जुनी_कॅसेट
निऑन केस आधी बाजूला ठेव. ते सायबरगॉथ, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेलं, अर्धं रेव्हमधलं, म्हणजे रात्रभराच्या डान्स पार्ट्यांमधलं, आणि तसं हणजुणेत फिरलास तर सगळे तुला तिथल्या सायट्रान्स डान्स पार्टीचाच समजणार.
सुरुवात लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या बँडपासून, १९७५. पुढच्या वर्षी त्यांनी इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाची रेकॉर्ड कंपनी काढली, तिथूनच या संगीताला नाव मिळालं. नंतर ते स्टेजवर कॅमो युनिफॉर्मसुद्धा घालायचे. १९८० मध्ये बर्लिनला आइन्स्टुर्झेंडे नॉयबाउटेन आले, ते ड्रिल मशीन आणि पत्रे वाजवायचे, मग लंडनचे टेस्ट डिपार्टमेंट भंगारातलं लोखंड बडवायला लागले, आणि असं बडवताना अंगावर टिकेल तेच घालणार ना माणूस. मिलिटरी जॅकेट, काळे गॉगल हा थाट बेल्जियमच्या फ्रंट २४२ चा. अमेरिकेतले रिव्हेटहेड, म्हणजे या संगीताचे चाहते, त्याच्याच पुढचे, काळं नाहीतर ऑलिव्ह, कार्गो पँट, जाड बूट, बारीक कापलेले केस. माझं मत विचारशील तर कपडा कामाचा दिसला पाहिजे, नटलेला नको.

गोदीवाला
अरे बाबा, वास्कोत राहून तू ऑनलाइन कशाला शोधतोयस! सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात जा आणि डांगरी माग, कामगार घालतात तो शर्ट-पँट एकत्र असलेला सूट, शंभर टक्के कॉटनची, पॉलिस्टर मिक्स घेतलीस तर घामाने हाल होतील. सेफ्टी शूज तिथेच मिळतात, पुढच्या टोकाला स्टील असलेले, फक्त सोल नायट्राइल रबरचा बघून घे, कारण पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल आपल्या दमट हवेत नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत भुगा होतो. लेदर पँट विसर, पावसाळ्यात कपाटातच बुरशी धरेल.
साखळ्या घालायच्या तर साध्या लोखंडाच्या नकोत, खाऱ्या वाऱ्याने गंजून शर्टावर डाग पडतात. मालीम जेटीच्या बाजूला ट्रॉलरचं सामान विकतात तिथे स्टेनलेसचे शॅकल (दोर-साखळी जोडायच्या U आकाराच्या कड्या) विचार, ३१६ ग्रेडचे, ते समुद्रावरच वापरतात, आणि गळ्यात एकच जाड शॅकल काय दिसतो म्हणून सांगू.
आणि कॅमो घेऊच नकोस. लष्कराचा नवा डिजिटल पॅटर्न २०२२ मध्ये आला, त्याचे हक्क लष्कराने नोंदवून घेतलेत, बाहेर विकायला बंदी आहे. दाबोळीला नौदलाचा तळ, रस्त्यात कोणी हटकलं तर काय सांगशील? साधा काळा किंवा ऑलिव्ह रंग बस झाला.

डिचोलीची
वरचं सगळं पटलं, पण एक मनापासून सांगते. आमच्याकडे घराघरांत कोणीतरी खाणीवर नाहीतर बार्जवर होतं, २०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, आणि ते हेल्मेट खुंटीला तसंच राहिलं. त्यामुळे डांगरी जरूर घाल, पण कुठल्या खऱ्या कंपनीचं नाव शिवलेली जुनी डांगरी घेऊन, तोंडाला लाल माती फासून फोटो काढू नकोस, ते बघून इथे माणसांना लागतं. टेस्ट डिपार्टमेंटने ब्रिटनमधल्या खाण कामगारांच्या संपात साउथ वेल्सच्या संपकरी कामगारांच्या कॉयरसोबत (समूहगान पथकासोबत) अख्खा अल्बम केला होता. ते त्या लोकांच्या बाजूला उभे राहिले, म्हणून त्यांच्या अंगावर ते कपडे शोभले असं मला वाटतं. मुली विचारतील म्हणून सांगते, डांगरी कमरेपर्यंत उतरवून बाह्यांची गाठ मारायची, वर काळा बनियन, उकडतही नाही.

लोखंडी_पोर
ताई, समजलं, नाव नसलेली कोरीच घेतो. दुकानात फोन केला तर निळी आहे म्हणतात, काळी नाही. रंगवता येईल का?

गोदीवाला
कॉटन असेल तर निळ्यावर काळा मस्त चढतो, मीठ घालून गरम पाण्यात रंगव. शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा असला तर तो निळाच राहील, राहू दे, छान दिसतं. पहिले दोन-तीन वेळा वेगळी धू.