हॉलची जमीन खाली-वर आहे, एसपीसी टाकायच्या आधी लेव्हल कशी करायची? (तातडीने मदत हवी)

मृण्मयी_चिंचवड
हॉलमधल्या जुन्या फरश्या काढून झाल्यात, खालचं काँक्रीट उघडं आहे. त्यावर एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या) पट्ट्या टाकायच्या आहेत. काल फिटर आला, अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी जमिनीवर फिरवून बघितली आणि "जमीन लेव्हल करून द्या, मगच हात लावतो, उद्या सांधे उखडले की मलाच बोलाल" म्हणून निघून गेला. खोकी दारात पडून आहेत. सोमवारी सुतार येतोय, त्याच्या आत जमीन व्हायला हवी. गवंडी म्हणतो सिमेंट-वाळू मारून देतो, दुकानदार म्हणतो सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडच (पाण्यात कालवून ओतलं की आपोआप सपाट पसरणारं सिमेंटचं मिश्रण) घ्या. दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि कृपया 'टाइल्सच टाका' असं सांगू नका. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायाला गार लागणारी, पाय सटकणारी जमीन नकोच आहे.

जिरेमिरे
कितवा मजला? हॉल केवढा? खाली-वर म्हणजे किती, २ मिमी की २ सेमी? जमिनीत भेगा आहेत का? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

खडीवाळू
सिमेंट-वाळू मुळीच नको. २ इंचाचा थर दिलात तर चौरस मीटरला १०० किलोच्या वर वजन वाढतं. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून केलेला असतो, आयएस ८७५ या भारतीय मानकात तसंच आहे. त्यातला निम्मा भाग नुसत्या भरावात घालवू नका.

तात्या_सातारकर
खडीवाळू, ताईंनी जुनी फरशी आणि तिच्याखालचा माल काढलाय ना? मग तेवढं वजन उतरलंच की. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सिमेंट-वाळूवरच जमिनी झाल्या. एकास चार माल, वाळू चाळलेली, खाली टाचे मारून सिमेंटचं पाणी, वर रंधा. गवंडी चांगला असेल तर काचेसारखी जमीन करून देतो. पिशवीतलं महागडं पीठ कशाला?

खडीवाळू
तात्या, दीड-दोन इंचाचा थर असेल तर मान्य. पण खड्डा अर्ध्या इंचाचा आणि बाकी सगळीकडे कागदासारखा थर ओढायचा असेल तर तुमचा माल टिकत नाही. कडेला पातळ होत गेलेला थर वाळताना आकसतो, पापुद्रा धरतो आणि पायाखाली करकर वाजतो.

ऊनसावली
आमच्या फिटरने खाली फोमचे दोन थर टाकले होते, सगळं झाकलं गेलं. एवढा विचार कशाला करता?

जिरेमिरे
@ऊनसावली, हा सल्ला कृपया देऊ नका. एसपीसीच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. खाली मऊ असलं की प्रत्येक पावलाला सांधा खाली दबतो आणि शेवटी त्याची जीभच तुटते. बऱ्याच पट्ट्यांना फोम मागून चिकटवलेला येतो, त्यावर आणखी एक थर म्हणजे पट्टी झुलणारच.

ईशान_दिशा
मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. हॉलला ईशान्येकडे थोडा उतार ठेवा, नैऋत्य उंच हवी. आता सगळं सपाट केलंत तर ही संधी गेली.

मृण्मयी_चिंचवड
मजल्याचा इथे काय संबंध ते कळलं नाही, पण तळमजला. इमारत जुनी आहे. हॉल १० बाय १६ फूट. मधोमध उंचवटा आहे आणि खिडकीकडे खड्डा, पट्टी ठेवली की खालून बोट जातं. दोनच पर्याय विचारले होते, कोणता ते सांगा प्लीज.

खडीवाळू
तळमजला! मग माझा वजनाचा मुद्दा इथे लागू नाही. तुमच्या जमिनीखाली बहुधा स्लॅबच नाही, मुरमाचा भराव आणि त्यावर काँक्रीट असणार. भराव कडेला बसला की तिथे जमीन खचते आणि मधला भाग उंच वाटतो. आता मला दोन गोष्टी सांगा. हातोडीच्या दांड्याने जमीन ठोकत जा, कुठे पोकळ आवाज येतो? आणि पावसाळ्यात कोपऱ्यात ओल येते का?

लेव्हलट्यूब
इंटिरियरची कामं करतो. आधी मोजा, मग भांडा. फिटरला जमीन अगदी पाण्याच्या पातळीत नकोय. सगळ्या हॉलला एकसारखा हलका उतार असला तरी एसपीसी बसते. खड्डे आणि उंचवटे मात्र चालत नाहीत, २ मीटरच्या पट्टीखाली साधारण ३ मिमीपर्यंत फट चालते.
मोजायचं असं: सुताराकडे लेझर असेल तर उत्तम, नाहीतर पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. भिंतींवर सगळीकडे कमरेएवढ्या उंचीवर एकच पातळी मारून घ्या. मग दोऱ्या बांधून दर दोन फुटांवर दोरीपासून जमिनीपर्यंत टेप लावा आणि आलेला आकडा तिथेच जमिनीवर खडूने लिहा. मोठा आकडा म्हणजे खड्डा, छोटा म्हणजे उंचवटा. सगळे आकडे लिहून झाले की जमीन तुम्हालाच वाचता येईल.

मृण्मयी_चिंचवड
नवऱ्याने आणि मी रात्री मोजलं. मधला उंचवटा आजूबाजूपेक्षा ९ मिमी वर. खिडकीजवळ १४ मिमी खोल. बाकी ४-५ चा फरक. पोकळ आवाज फक्त दाराजवळ वीतभर जागेत येतो. ओल: खिडकीच्या कोपऱ्यात पावसाळ्यात काळपट दिसायचं, भिंतीला खाली पांढरा भुगा येतो. पण ते फरशी जुनी असल्यामुळे असेल ना?

लेव्हलट्यूब
पांढरा भुगा म्हणजे लोणा. खालून किंवा बाहेरून पाणी येतं, सुकतं आणि क्षार मागे राहतात. सोमवार विसरा. त्याच कोपऱ्यात आज दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा, उद्यापर्यंत हलवू नका. आतून थेंब धरले किंवा खालचं काँक्रीट काळं झालं तर ओल खालून येतेय. तुलनेसाठी तसंच एक मधोमध लावा. खिडकीच्या बाहेर काय आहे?

निळाशार
जरा मध्येच विचारते, आमच्या गच्चीला वरून वॉटरप्रूफिंग करूनही गळतं, कोणाला अनुभव आहे का?

तात्या_सातारकर
@निळाशार, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) केलाय का? उतार नाळीकडे आहे का? त्यासाठी वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

रानजाई
खड्ड्यात पीओपी भरलं तर? स्वस्त पडतं आणि लगेच वाळतं.

खडीवाळू
@रानजाई, पीओपी छताला. जमिनीला नाही, आणि ओलीच्या जमिनीला तर कधीच नाही. पाणी लागलं की ते भुसभुशीत होतं.

मृण्मयी_चिंचवड
खिडकीबाहेर भिंतीला लागूनच सोसायटीचा फुलझाडांचा वाफा आहे. माळी रोज पाइप सोडून ठेवतो. प्लॅस्टिक लावलंय.

लेव्हलट्यूब
मग पाण्याचं मूळ बहुधा तिथेच आहे. मातीची पातळी तुमच्या जमिनीपेक्षा वर आहे का बघा. वाफा भिंतीपासून दूर नेऊन तिथे बाहेरच्या बाजूला उतार असलेला पक्का कट्टा करायला हवा. ते न करता आत काहीही ओतलंत तरी ओल तिथेच राहणार. एसपीसी कुजत नाही हे खरं, पण तिच्याखाली पाणी कोंडतं, कुबट वास येतो आणि लेव्हलिंगचा थर सुटतो.

मृण्मयी_चिंचवड
प्लॅस्टिक काढलं. कोपऱ्यातल्याखाली हात फिरवला तर तळवा ओला झाला, काँक्रीट शाईसारखं काळं. मधल्याखाली कोरडं. वाफ्यातली माती आमच्या जमिनीपेक्षा चांगली वीतभर वर आहे. सेक्रेटरींशी बोलले, ते वाफा हलवायला तयार आहेत. फिटरला आणि सुताराला पुढची तारीख घ्यायला सांगितलंय. आता क्रम सांगा, आणि पिशव्या किती लागतील?

लेव्हलट्यूब
आधी वाफा. कोपरा वाळू द्या, पुन्हा प्लॅस्टिक लावून बघा. तोवर उंचवटा कप व्हीलच्या (काँक्रीट घासणारी वाटीसारखी चकती) ग्राइंडरने उतरवून घ्या. धूळ फार बारीक असते, सासूबाईंना त्या दिवशी दुसऱ्या घरी ठेवा आणि कामगाराला चांगला मास्क द्या. दाराजवळचा पोकळ तुकडा फोडून पुन्हा भरा. १४ मिमीचा खड्डा आधी पॉलिमर घातलेल्या सिमेंट-वाळूने भरा, तिथे तात्यांचा माल चालेल. मग प्राइमर (कंपाउंडच्या आधी जमिनीला लावायचा द्रव), तो सोडू नका. कोरडं काँक्रीट कंपाउंडमधलं पाणी ओढून घेतं आणि वर सुईची भोकं पडतात.
पिशव्या: १ मिमी थराला चौरस मीटरमागे साधारण १.७ किलो. तुमचा हॉल १५ चौ.मी., उंचवटा उतरवल्यावर सरासरी ४ मिमी धरा, म्हणजे १०० किलोच्या आसपास. २५ किलोच्या ५ पिशव्या आणा, मध्येच कमी पडल्या तर जोड दिसतो. पाणी मापाच्या बादलीनेच घाला, पातळ केलंत तर वरचा थर पिठासारखा निघतो. कालवल्यावर हातात पंधरा-वीस मिनिटं असतात, त्यामुळे एकाने कालवायचं, एकाने ओतायचं, एकाने काट्यांचा रोलर फिरवायचा. भिंतीला कडेने फोमची पट्टी लावा. गॅलरीच्या दारात लाकडाची पट्टी ठोकून माल अडवा, गॅलरीचा उतार बुजता कामा नये.

तात्या_सातारकर
क्रम बरोबर आहे. फक्त कोपऱ्याची ओल पूर्ण गेली नाही तर?

खडीवाळू
तर प्राइमरच्या जागी इपॉक्सीचा ओल अडवणारा कोट, दोन हात. दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी चाळलेली वाळू भुरभुरवायची, सुकल्यावर सुटी वाळू झाडून काढायची. गुळगुळीत इपॉक्सीवर कंपाउंड धरत नाही. आणि सुताराचं जमिनीला टेकणारं पक्कं कपाट एसपीसीच्या आधी बसवा, पट्ट्या त्याच्यापर्यंत आणून ८-१० मिमी फट सोडा. वजनाखाली दाबून ठेवलेली तरंगती (खाली न चिकटवलेली) जमीन उन्हाळ्यात फुगते.

मृण्मयी_चिंचवड
कपाटाचं सुताराला आत्ताच कळवते. इपॉक्सीचा कोट पूर्ण हॉलला द्यायचा की फक्त त्या कोपऱ्याला?

खडीवाळू
पूर्ण हॉलला. अर्ध्यावर थांबलात तर कोपऱ्यात अडलेली ओल कोटच्या कडेने वर येईल.