प्रतिसाद: दा नांगहून मी सन आणि संगमरवरी डोंगर एकाच दिवशी?

व्हिएतनाममधल्या दा नांग शहरातून ‘मी सन’ची जुनी मंदिरं आणि संगमरवरी डोंगर, दोन्ही एका दिवसात होतं का, असं तुम्ही विचारलंय. होतं, फक्त ‘मी सन’ सकाळीच उरका. दा नांगपासून साधारण सत्तर किलोमीटर आहे आणि दहानंतर ऊन सोसवत नाही.

तिथे गाईड घ्याच! इथे पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांची ही शिवमंदिरं. देवाचं नाव भद्रेश्वर. विटांचे सांधे बोटाने चाचपून पाहिले, नख शिरेल एवढीही फट लागली नाही. सर्वांत भव्य मंदिर मात्र १९६९च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात गेलं. त्या ढिगाऱ्यापाशी पोटात कालवलं. डागडुजीला आपलं भारतीय पुरातत्त्व खातं होतं, २०२०मध्ये त्यांना तिथे नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. ते आवर्जून दाखवायला सांगा, आमच्या गाईडने आधी टाळलंच होतं.

परतताना संगमरवरी डोंगर. आईबाबा सोबत असतील तर त्यातल्या थुई सन या डोंगराला लिफ्ट आहे, पण वर गेल्यावरही पायऱ्या आहेतच. तिथली हुयेन खोंग गुहा चुकवू नका. छताच्या भोकांतून उजेडाचा झोत थेट खाली उतरतो, धूपाचा धूर त्यात तरंगत राहतो. आत पायऱ्या निसरड्या आहेत, चांगली पकड असलेले बूट घाला.